काट्याच्या टोकावरची चव

जेवणाच्या बाबतीत मी लहानपणापासून नाठाळ. वांग्याची बुळबुळीत फोड, सुक्या जवळ्याचा वास आणि कलेजी ही माझी तीन वैरी मंडळी. ‘सेमिनरीत गेला की खाईल सगळं,’ असे आई म्हणत असे. सेमिनरीने मला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले. वांगे मात्र तिलाही शिकवता आले नाही. ताटात काही टाकायचे नाही हा तेथील दंडक मी शेजाऱ्याच्या ताटाच्या आधाराने पाळला.

धर्मगुरू झाल्यावर पंचाईत वाढली. घरोघरी जेवणाची आमंत्रणे, आणि यजमानीणबाईंचे सारे लक्ष फादरांच्या ताटाकडे! डॉक्टरांचे नाव पुढे करून मी किती वेळा सुटलो, ह्याचा हिशेब पापनिवेदनातच द्यावा लागला. त्यामानाने हॉटेल बरे. कार्डावर बोट ठेवावे, हवे ते मागवावे, कोणाचे मन मोडत नाही, अशी माझी समजूत होती.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण बोटीवर अनेक वर्षे आचारी होता. परत येऊन त्याने हमरस्त्यालगत छोटेसे खानावळवजा हॉटेल काढले. मी आशीर्वादाची प्रार्थना केली, आणि आमच्या पत्रिकेच्या संपादकांनी गळ घातल्यामुळे त्या हॉटेलावर चार ओळी लिहिण्याचेही कबूल केले. झगा घालूनच जेवायला गेलो. डाळ, भात, तळलेली सुरमई ही माझी नेहमीची सुरक्षित मंडळी मागवली. त्याने प्रेमाने सोरपोतेलची वाटीही आणून ठेवली. त्यात डुकराच्या मांसाबरोबर कलेजी असते. मी काट्याचे टोक बुडवून जिभेला लावले आणि वाटी दूर सारली. बिल त्याने घेतले नाही. पत्रिकेत मी लिहिले : ‘सोरपोतेलमध्ये व्हिनेगर अंमळ जास्त.’

दोन रविवारांनंतर मिस्सा संपल्यावर तो सॅक्रिस्टीच्या दारात उभा. रागावला नव्हता, तेच मला जड गेले.

“फादर, ते त्याच दिवशी शिजवलेलं होतं. सोरपोतेल मुरायला दोन-तीन दिवस लागतात, मग आंबटपणा उतरतो. तुम्ही घाईत होता म्हणून वाढलं. आईच्या हातचं माप आहे ते.” थोडे थांबून तो म्हणाला, “वाटी तशीच आत आली होती.”

फ्रान्समधील ‘मिशलँ’ ही मार्गदर्शिका १९०० सालापासून निघते. तिचे परीक्षक ओळख न देता जेवतात आणि पैसे मोजतात. मी तर झगा घालून, फुकट जेवून, न खाल्लेल्या पदार्थावर निकाल दिला होता.

पुढे अमेरिकेतील जेफ्री स्टाइनगार्टन ह्यांची हकिगत वाचनात आली. हे गृहस्थ मूळचे वकील. १९८९ मध्ये ‘व्होग’ मासिकाने त्यांना अन्नसमीक्षक नेमले, तेव्हा त्यांनी प्रथम स्वतःच्या नावडींची यादी केली. कोरियाचे किमची हे लोणचे, अँचोवी मासे, आणि (वाचकहो, रागावू नका) भारतीय हॉटेलांतील गोड पदार्थसुद्धा त्या यादीत होते! नवे अन्न वारंवार पुढे आले तर तान्ही मुलेही ते स्वीकारतात, ह्या आधारावर त्यांनी नावडते पदार्थ पुनःपुन्हा खाल्ले आणि बहुतेक नावडी घालवल्या. १९९७ च्या आपल्या पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी हे सांगितले आहे. सोसून खाणे ही तपश्चर्या म्हणून मला ठाऊक होती. समीक्षकाची पात्रता म्हणून नव्हती.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा, साध्या सदऱ्यात, त्या हॉटेलात जातो. पैसे आधीच गल्ल्यावर ठेवतो. पहिल्या खेपेस पाण्याच्या घोटाबरोबर गिळले. तिसऱ्या खेपेस मांस आवडले, कलेजी कडेला राहिली. पाचव्या खेपेस बोलण्याच्या नादात एक तुकडा पोटात गेला आणि काही अनर्थ झाला नाही. वांग्याचे मात्र अजून नाव काढू नये.

मागच्या खेपेस तो स्वतः वाटी घेऊन आला आणि म्हणाला, “फादर, आजचं तिसऱ्या दिवसाचं आहे.” आंबटपणा खरोखरच उतरला होता. पत्रिकेच्या पुढील अंकासाठी दुरुस्तीचा मजकूर संपादकांकडे धाडला आहे. चार ओळींची चूक निस्तरायला दीड पान लागले.