ओठांजवळचा माइक

अकलूजला मोठ्या आवाजांची सवय आहे. राज्यस्तरीय लावणी स्पर्धेतली ढोलकी या गावानं ऐकली. वारीत तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण इथं होतं, तेव्हा टाळ-मृदंगांनी मैदान दणाणून जातं. या आवाजांना मोठे माइक मिळतात. मला ओढ आहे ती ओसरीवरच्या आवाजांची, जात्यावरच्या ओव्या अजून तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या बायांची. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखावर ओव्या जमवल्या. तो वसा कुणीही, आपल्या आळीपुरता का होईना, पुढे चालवू शकतं.

त्यासाठी कॉम्प्युटरच्या हेडसेटचा स्वस्त माइक पुरतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. त्याच्या काडीच्या टोकाशी इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी १९६२ साली बेल लॅब्जमध्ये पातळ पापुद्र्यावर विद्युतभार टिकवून असा माइक घडवला. आवाजानं पापुद्रा थरथरतो, आणि ती सूक्ष्म थरथर कॅप्सूलमधला ट्रान्झिस्टर तारेत पोचवतो. त्याला दोन ते पाच व्होल्ट पुरे. स्टुडिओचा मिक्सर मात्र फँटम पॉवर म्हणून ४८ व्होल्ट देतो. नीरा उजव्या कालव्याचा लोंढा कुणी थेट वाफ्यात सोडत नाही. दारं धरून, रोपाला सोसेल एवढंच पाणी द्यावं लागतं. इथंही तेच.

मिक्सरच्या एक्सएलआर जोडणीतल्या २ आणि ३ नंबरच्या पिनांवरून येणारी वीज रेझिस्टरमधून उतरवायची, झेनर डायोडनं ती पाच व्होल्टांच्या आसपास बांधायची, कॅपॅसिटरनं गाळायची आणि आणखी एका रेझिस्टरमधून कॅप्सूलला द्यायची. आवाज दुसऱ्या एका कॅपॅसिटरमधून २ नंबरच्या पिनेवर जातो. कॅपॅसिटर आवाज सोडतो, ४८ व्होल्ट अडवतो. ३ नंबरच्या पिनेलाही तेवढाच रोध जोडला, की दोन्ही तारांत सारखीच शिरलेली विजेची घूं मिक्सर वजा करतो. कथलाचे चार-दोन डाग नीट बसले, की सगळं एका छोट्या डबीत मावतं.

लहान कॅप्सूलला स्वतःची सळसळ असते, हे खरं. पण हेडसेटचा माइक ओठांपासून दोन बोटांवर राहतो, त्यामुळे आवाज सळसळीच्या कितीतरी वर उठतो. काडी थोडी ओठांच्या कोपऱ्याकडे वळवली, की ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फुत्कारही टळतात. आणि जातं ओढताना बाईचं अंग मागं-पुढं झुलतं, लय त्या झुलण्यातच असते. उभ्या माइकसमोर तिला ताठ बसवलं तर ओवीचा जीवच जातो. डोक्यावरचा माइक तिच्याबरोबर झुलतो.

म्हणून मला वाटतं, हे काम शाळांनी हाती घ्यावं. ओहमचा नियम पोरं शिकतातच. तो वहीत न ठेवता आजीच्या आवाजासाठी वापरावा. कुठल्या रेझिस्टरनं किती व्होल्ट उतरतात हे गणित त्यांनी स्वतः मांडावं, स्वतः डाग द्यावा, आणि मग ओवी कुणाची, कुठल्या गावची, कुणाकडून शिकलेली, हे विचारून नोंदवावं. महाग माइकची वाट पाहायला या आवाजांकडे वेळ नाही.