नानांचं देणं

देहूजवळच्या आमच्या चिखलीला जुनी माणसं टाळगाव म्हणतात. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचे टाळ इथं पडले, अशी गावाची श्रद्धा. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी मल्हारपंत कुलकर्णीही इथलेच. आज कुदळवाडीच्या गर्दीतून, ट्रक-टेम्पोंतून वाट काढणाऱ्याला हे सांगूनही पटायचं नाही. माझ्या लहानपणी मात्र गाव संपलं की ज्वारीची शेतं लागायची, आणि तिन्हीसांजेला देवळातला हरिपाठ आमच्या खोलीत ऐकू यायचा.

ती खोली नानांची. नाना माळकरी शेतकरी, आम्ही त्यांचे भाडेकरू. माझे वडील, म्हणजे दादा, कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे कार्यकर्ते. देव ते मानत नसत. नानांशी त्यांचा त्यावरून रोज वाद चाले आणि वादानंतर चहा.

२५ जून १९७५ला आणीबाणी लागली. त्याच महिनाअखेरीस देहूहून पालखी निघायची होती. नानांचं गाठोडं बांधून झालं होतं, आणि ऐन त्या दिवसांत एका पहाटे पोलीस दादांना घेऊन गेले. ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली. कशासाठी, किती दिवस, हे घरच्यांना सांगायला कुणी बांधील नव्हतं. नानांनी वारी चुकवली नाही. निघण्याआधी ज्वारीचं पोतं आमच्या दारात आणून ठेवलं आणि नानीला म्हणाले, “ही दोघं उपाशी राह्यली तर माझी वारी फुकट.”

दादांचा पगार बंद झाला. ओळखीची माणसं आम्हाला पाहून रस्ता बदलू लागली. त्यांना दोष देत नाही, भीतीच तशी होती. पंढरीहून परतल्यावर नाना मात्र भर दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. आत नाही, ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे. मोठा झाल्यावर मला त्या बसण्याची किंमत कळली.

आई त्या वर्षी कडवट झाली होती. एकदा शेंगा फोडता फोडता ती नानांना म्हणाली, “तुमच्या विठोबाला डोळे आहेत का हो?”

नानांनी तिला गप्प केलं नाही. समजूतही घातली नाही. म्हणाले, “पोरी, हे मला सांगून काय हुणार? त्याला म्हण की. तोंडावर म्हण.”

मग त्यांनी तिला तुकोबांचं सांगितलं. १६३०च्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बसलं. पुढं गावच्या अधिकाऱ्याकडून देहू सोडायचा हुकूम निघाला, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेव्हा तो माणूस नदीकाठी तेरा दिवस धरणं धरून बसला. कुणापुढं? राजापुढं नाही, देवापुढं. भांडला, टाकून बोलला, पण त्याचं दार सोडलं नाही. नाना हे कीर्तनकाराच्या आवाजात नाही सांगायचे. शेजारच्या घरी काय झालं ते सांगावं तसं सांगायचे.

आई देवळात जाऊ लागली. तिचं कसलं जप-तप नव्हतं. दादांची पत्रं यायची, त्यांतल्या ओळीच्या ओळी तपासणाऱ्यानं काळ्या शाईनं खोडलेल्या असायच्या. ती पत्र घेऊन मूर्तीपुढं उभी राहायची आणि मोठ्यानं वाचायची. खोडलेली जागा आली की थांबायची आणि म्हणायची, “इथं पुसलंय. काय लिव्हलं होतं ते तुला ठाऊक, मला सांग.” मी तिचा पदर धरून उभा असायचो. मागं नाना टाळांच्या दोऱ्या नीट करत बसलेले. हसत नसत, डोळे पुसत नसत, ऐकत असत.

२८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टाची पायरी चढता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले. आम्हाला हे कायद्याच्या भाषेत कळलं नव्हतं. एवढंच कळलं, की आता विचारायला कुठं जागा उरली नाही. त्या रात्री आई पत्राशिवायच देवळात गेली. काही बोलली नाही. बराच वेळ उभी राहिली, आणि परत येताना मला म्हणाली, “तो ऐकतो का नाही माहीत नाही. पण त्याच्याकडं गेल्यावाचून आता राहवत नाही.” देवाची ओढ म्हणतात ती मी पहिल्यांदा तिथं पाहिली. पुढं ग्रंथ पुष्कळ वाचले, पण देवाविषयी मला जे काही समजतं ते त्या वर्षाचं आहे, आणि ते नानांच्या एका वाक्यातून आलेलं आहे.

१९७७च्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या, माणसं सुटू लागली, दादाही आले. आईनं नानांकडून घेतलेल्या पायली-पायलीची वही ठेवली होती. दादा कामावर परत लागले आणि हळूहळू पैसे जमवून नानांकडे गेले. मला वाटलं नाना नको म्हणतील. त्यांनी पैसे घेतले, थुंकी लावून मोजले आणि वहीवर रेघ मारली. देणाऱ्याचा हात कायम वर राहू नये, असं त्यांचं म्हणणं.

“आणि भाडं?” दादांनी विचारलं.

“ते हिनं दिलं,” नाना आईकडं बघून म्हणाले. “आम्ही जन्मभर अभंग म्हणतोय. कुणी खरंच त्याला बोलतंय, हे ऐकलं ते हिच्या तोंडून.”

त्या ज्येष्ठात दादा नानांचं गाठोडं खांद्यावर घेऊन देहूपर्यंत चालत गेले आणि तिथून परत फिरले. देव त्यांनी पुढंही मानला नाही. आई पंढरपूरपर्यंत गेली.