बरं होण्याचं सामान

माणसाच्या वाढण्याशी आणि दुखण्यातून उठण्याशी जोडलेल्या काही वस्तू, काही चाली घरातून निघून गेल्या. आठवतील तशा मांडतो.

कागदी पट्टी. दवाखान्यात बाटली घरूनच न्यायची. कंपाउंडर तिच्यात लाल मिक्श्चर भरायचा आणि कडेला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच, एक डोस. दुखणं किती उरलं, ते बाटलीवर दिसायचं. आता सकाळी गोळी घेतलेला माणूस दुपारी कामाच्या मेलना उत्तरं देत बसतो.

हवापालट. महिनाभर हवा पालटून या, असं डॉक्टर सांगायचे. क्षयावर तर तोच मुख्य उपाय होता. पाचगणीचं बेल-एअर सॅनेटोरियम डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये काढलं. १९४३ मध्ये क्षयावर चालणारं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं. घरी राहून घेतलेली औषधंही सॅनेटोरियमइतकाच गुण देतात, हे १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं. क्षयाचा रोगी आपल्या माणसांत राहिला, हे उत्तमच झालं. बाकीच्यांनाही मात्र हवा पालटायला कुणी सांगेनासं झालं.

वाढत्या अंगाचे कपडे. जूनमध्ये गणवेश टाकताना शिंप्याला बजावलं जायचं, वाढत्या अंगाचा शिवा. खालची दुमड पुढे उसवायची. उसवलेल्या जागी गडद पट्टा उरायचा. मूल गेल्या वर्षी कुठवर होतं, ते वर्गात सगळ्यांना कळायचं. मला त्या पट्ट्याची लाज वाटे.

सहाण. तिच्यावर बाळगुटी उगाळायची: बाळहिरडा, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ. आधी एकेक वळसा, बाळ वाढेल तसे वळसे वाढवायचे. बाळाचं वय आजीच्या हाताला ठाऊक असे. गुटी नको, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं आता बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबर आहे.

सव्वा महिना. बाळंतिणीची बाज, शेक-शेगडी, ओवा-शेपांची धुरी, अळिवाचे लाडू. कोंडलेल्या खोलीतला धूर गेला, बरं झालं. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती नोकरीतल्या बाईला. ऊसतोडीला किंवा चार घरची धुणीभांडी करायला जाणारीला सव्वा महिना तरी मिळेल, याची हमी नाही.

सुतक. शेजारून पिठलं-भात यायचा. रडायला आणि नुसतं बसून राहायला घराला दहा दिवस मिळायचे. आता पुष्कळ ठिकाणी तीन दिवसांत सगळं उरकतं. मात्र याच दिवसांत विधवेचं कुंकू पुसलं जायचं, बांगड्या फुटायच्या. ते बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये केला. तो सगळ्या गावांनी करावा.

‘आपली आवड’. दुखण्याशी याचा संबंध नाही, तरी घटकाभर थांबणं यातही होतं. पोस्टकार्ड टाकायचं आणि आकाशवाणीवर आपलं गाणं लागायची वाट पाहायची. नेमकं तेव्हा पाणी भरायला गेलात, तर गाणं हुकलं. ते मागे नेता येत नसे, थांबवूनही ठेवता येत नसे. ऐकायचं तर त्याच घडीला, हातातलं काम टाकून.

या यादीतलं बरंच काही गेलं ते योग्यच, मला ते परत नको. पण यातल्या बहुतेकांसोबत थोडी सवड यायची आणि ती कुणापुढे मागावी लागत नसे. रीतच ती देऊन टाकायची. रीत गेली, तेव्हा आता सवड आपणच एकमेकांना द्यायची. कुणी तापातून उठलं असेल, कुणाचं माणूस गेलं असेल, तर “आता बरं वाटतंय ना?” एवढं विचारून थांबू नका. त्याच्या वाटचं काम आणखी आठवडाभर आपल्या अंगावर घ्या.