काळ्या पाण्याचा बेत

मध्यमवर्गीय माणसाचे साहस नकाशापासून सुरू होते आणि बहुधा रजेच्या अर्जापाशी संपते. आमचे मात्र यंदा थोडे पुढे सरकले आहे. कळमेश्वरच्या आमच्या घरात अंदमानला जायचे घाटते आहे.

आई प्रथम म्हणाली, “काळ्या पाण्यावर का कुणी हौसेनं जातं?” तिचे तरी काय चुकले? मराठी माणसाला अंदमान ठाऊक झाले ते सेल्युलर जेलमुळे. सावरकर 1911 साली तिथे गेले ते कैदी म्हणून. वर्गात ‘माझी जन्मठेप’चा विषय निघाला की त्या बेटावरच्या झाडांकडे कुणाचे लक्षच जात नाही. आमच्या चिरंजीवांचे मात्र सारे लक्ष झाडांकडे! सागाची पानगळ पाहत वाढलेल्या ह्या मुलाला बारमाही हिरवे रान बघायचे आहे. दिल्ली-चेन्नई लोहमार्ग गावावरूनच जातो, त्यामुळे समुद्र त्याला फाटकापलीकडेच वाटतो.

हिशेब सौभाग्यवतींनी मांडला. रेल्वेने चेन्नई, पुढे जहाजाने सुमारे तीन दिवस, मग पोर्ट ब्लेअर. 2024 पासून त्याचे नाव श्री विजयपुरम. दिवाळीची सुटी बाद झाली, कारण तिथे नैऋत्येचा आणि ईशान्येचा असे दोन्ही पाऊस येतात. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर, म्हणजे नागपूरच्या जवळजवळ तिप्पट. बेत फेब्रुवारीवर गेला.

अडले ते एका रस्त्यावर. दाट रानातून बाराटांगकडे जाणारा हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली तिथला भाग बंद करायला सांगितला, तरी वाहतूक चालूच राहिली. वाटेत थांबायचे नाही, छायाचित्रे काढायची नाहीत, असे नियम आहेत.

“नियम पाळून गेलं तर काय बिघडलं?” चिरंजीवांनी विचारले.

वाती वळता वळता आई म्हणाली, “आपल्या अंगणातून रोज परक्यांची वरात जायला लागली, तर तुला चालेल का रे?”

माझ्या व्याख्यानाची गरज उरली नाही. बाराटांगवर काट बसली. रान बघायला शहराजवळचा माउंट मणिपूर आहेच. 1891 च्या युद्धानंतर मणिपूरच्या वीरांना तिथे हद्दपार केले होते. म्हणून माउंट हॅरिएटला 2021 साली हे नाव मिळाले.

यादीत आता चौथे तिकीट वाढले आहे. आईही येते म्हणते. हौसेने नव्हे, त्या कोठडीपुढे हात जोडायला.