नगसंख्येच्या रकान्यातली आडवी रेघ

भोसरीच्या ड्रॉइंग ऑफिसात असताना गिअरबॉक्सच्या पार्ट लिस्टमध्ये शिमपुढे, म्हणजे फट भरायच्या पातळ चकतीपुढे, आम्ही आकडा लिहीत नसू. तिथे ‘ॲज रिक्वायर्ड’ किंवा नुसती आडवी रेघ. शेजारी जाडीचं कोष्टक: ०.०५, ०.१०, ०.२०, ०.५० मिमी. अमोनिया प्रिंट खाली गेली की आमचं काम संपलं, पुढचं फिटरनं बघायचं.

ही टाळाटाळ नव्हती. केसिंगची खोली, बेअरिंगची रुंदी, पिनियनचं डोकं, प्रत्येक जण आपापल्या टॉलरन्समध्ये बसला तरी तिघांची बेरीज मिमीच्या एकदोन दशांशांनी हलायची. आणि पिनियन बसायला हवा काही शतांशांत. सगळंच तेवढं काटेकोर करायचं म्हटलं तर गिअरबॉक्स विकणार कुणाला? म्हणून ती उरलीसुरली तफावत शिमवर ढकललेली असे. क्राउन व्हील आणि पिनियन लॅपिंगपासूनच जोडीनं यायचे, दोघांवर एकच नंबर कोरलेला. पिनियनच्या तोंडावर ‘+४’ किंवा ‘–२’ अशी खूण, त्यावरून पहिल्या शिमचा अंदाज.

मग फिटर दातांना मार्किंग ब्लू लावून क्राउन व्हील फिरवायचा. ठसा दाताच्या माथ्याकडे गेला, तर पिनियन बाहेर राहिलेला. पुलर लाव, बेअरिंग काढ, शिम वाढव. प्रीलोड बघायला फ्लँजला सुतळी गुंडाळून स्प्रिंग काट्यानं ओढायची. हे तीनतीनदा व्हायचं. त्या बेअरिंग उपसण्याची मला तरी अजिबात आठवण येत नाही.

आता मापन स्टेशन केसिंग मोजतं, हिशेब करतं आणि नेमक्या शिमच्या कप्प्यावर दिवा लागतो. बहुधा एका फटक्यात जमतं. अडतं ते ऑफिसात, कारण संगणकाला आडवी रेघ चालत नाही. प्रत्येक जाडीला वेगळा पार्ट नंबर आणि पुढे आकडा पाहिजेच. एका कारखान्यात कुणीतरी सगळ्यांपुढे बेलाशक ‘१’ भरलं. झालं! मधल्या जाड्या कायम संपलेल्या, टोकाच्या गंजत पडलेल्या, आणि स्टोअर्सचा हिशेब कधी म्हणून जुळला नाही. खरं तर पर्यायी गट करून ‘यातला कुठलाही एक’ असं सांगता येतं, पण ते सेट करायला बसतो कोण?

एक मात्र कबूल. कुठल्या गिअरबॉक्सात कुठली शिम गेली, ते आता सिरियल नंबर टाकला की दिसतं. पूर्वी ते फिटरच्या खिशातल्या वहीत असे, आणि रिटायर होताना तो वही घरी नेई.