टायगरचा झाला तांबू

चंद्रपुरात कुत्र्याचं नाव काहीही ठेवावं, पण ‘टायगर’ ठेवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना याचं हसू येईल. पण बायांनो, आमचं घर दुर्गापूरच्या बाजूला आहे. 2022च्या फेब्रुवारीत इथल्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात बिबट्याने एका शाळकरी मुलाला उचलून नेलं. तेव्हापासून दिवेलागणीला आमच्या गल्लीत पोरं बाहेर दिसत नाहीत. अशा ठिकाणी फाटकात उभं राहून ‘टायगर! टायगर!’ म्हणून ओरडून बघा बरं!

हा टायगर आमच्याकडे आला तो पाच वर्षांचा घोडा होऊन. शेजारचे काका कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. काकू गेल्या, आणि मुलाने त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही. जायच्या दिवशी काकांनी साखळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “भाकर खाते तो. दुसरं काही नखरे नाहीत.” आणि मागे न बघता रिक्षात बसले.

नाव बदलायचं हे ह्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. मग काय, घरात बारशाचीच धांदल! मुलांना ‘सिंबा’ हवं होतं, म्हणजे वाघ जाऊन सिंह आला. ह्यांनी ‘वाघ्या’ सुचवलं. रायगडावरच्या वाघ्याबद्दल मला आदर आहे, पण आमची अडचण नेमकी तीच होती ना! मी म्हटलं, कानाला जवळचं नाव ठेवू, म्हणजे त्याला लवकर कळेल: ‘सागर’. पण मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथे माझ्या वर्गात दोन सागर आहेत, आणि त्यातल्या एकाची आई भाजीबाजारात रोज भेटते. शेवटी त्याच्या विटेसारख्या रंगावरून धाकटीने ‘तांबू’ म्हटलं, आणि तेच राहिलं.

फक्त सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “काहून बदलवता वं त्याचं नाव? त्याले इचारलं का?”

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत.

सासूबाईंचं माहेर आरमोरीकडचं. 1980 साली त्या लग्न होऊन इथे आल्या. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. माहेरी त्यांचं नाव फुलाचं होतं; इथे देवीचं आलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे दोनच वर्षांनी, 26 ऑगस्ट 1982 ला, गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्या गमतीने सांगतात की आधी नाव गेलं, मग माहेरचा जिल्हाही गेला. माझ्या लग्नात ताट मांडलं होतं, तेव्हा त्याच पुढे होऊन म्हणाल्या होत्या, “तिचं आहे तेच लिहा.” त्याचं कारण मला इतक्या वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. ते त्या दिवशी तांदळाच्या सुपापाशी कळलं.

अजूनही आरमोरीहून मामांचा फोन आला की ते जुन्याच नावाने हाक मारतात. सासूबाई तेव्हा पदर सावरून बसतात आणि आवाजही वेगळा लागतो, जरा चढा, पोरीसारखा.

नावांचं हे असंच असतं का हो? आमच्या शहराचंच बघा. 1964 साली ‘चांदा’चं ‘चंद्रपूर’ झालं, पण खेड्यावरची म्हातारी माणसं अजून ‘चांद्याले जातो’ म्हणतात आणि स्टेशनच्या पाटीवर ‘चांदा फोर्ट’ आहेच. ताडोब्यातल्या त्या प्रसिद्ध वाघिणीला वनखात्याच्या कागदावर टी-12 म्हणत आणि गाईड लोक माया म्हणत. तिला दोन्हीशी काही देणंघेणं नव्हतं. कुत्र्याचं मात्र तसं नसतं. त्याला हाकेशी देणंघेणं असतं, कारण हाकेमागे भाकर असते आणि माणूस असतो.

तर नाव बदलायची रीत सांगते. कुणी मोठं कुत्रं घरी आणलं तर उपयोगी पडेल. जुनं नाव एकदम तोडायचं नाही. आधी नवं, लगेच जुनं: ‘तांबू टायगर’. त्याने मान वळवली रे वळवली की त्याच क्षणी तोंडात तुकडा. आम्ही भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा देत होतो. (कांदा, द्राक्षं, चॉकलेट चुकूनही नको, ही कुत्र्यांना बाधतात.) दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटं, बस्स. आठवड्याभराने जुनं नाव हळू आवाजात म्हणायचं, मग सोडून द्यायचं. आणि रागावताना नवं नाव मुळीच घ्यायचं नाही, नाहीतर त्याला वाटतं ‘तांबू’ ही शिवीच आहे. हे शेवटचं पाळणं सगळ्यांत कठीण. त्याने माझी नवी चप्पल फाडली तेव्हा मी निनावीच रागावले!

तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी फाटक उघडं टाकलं आणि संध्याकाळी सातला तांबू पसार. बिबट्याला कुत्रं म्हणजे आयती शिकार, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. नाल्याकडे झुडपं माजलेली. मी “तांबू, तांबू” करत घसा कोरडा केला. काही हालचाल नाही. मागून सासूबाई आल्या आणि त्यांनी खणखणीत आवाजात हाक दिली, “टायगर!”

आजूबाजूची चार दारं धाडकन बंद झाली, दोन उघडली, एक गृहस्थ टॉर्च आणि काठी घेऊन गच्चीवर आले. आणि झुडपातून शेपूट हलवत, काटे-गोखरू लावून, आमचे महाराज आले. सासूबाईंनी त्याच्या मानेत हात घातला. त्यांचा हात थरथरत होता.

त्यानंतर मी जुनं नाव पुसायचा हट्ट सोडला. बाहेर तो तांबू. आता त्या हाकेला तो धावत येतो, अगदी जेवण सोडूनही. ‘टायगर’ ही हाक अडीअडचणीला राखून ठेवली आहे. आणि रविवारी काकांचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा. ते तिकडून “टायगर बेटा” म्हणतात, आणि हा मोबाइलच्या मागे जाऊन बघतो की माणूस कुठे आहे. काका मग चष्मा पुसत बसतात. पहिल्या वेळी मला वाटलं, फोन बंद करावा. सासूबाईंनी हातानेच खुणावलं, राहू दे.

परवा त्याला रेबीजच्या सुईसाठी नेलं. डॉक्टरांनी कार्ड काढलं आणि विचारलं, नाव काय लिहू? मी ‘तांबू’ म्हणायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “दोन्ही लिहा जी. जागा आहे ना कागदावर?”

जागा होती. डॉक्टरांनी लिहिलं. पुढची सुई आता वर्षाने.