अण्णांची एम.जी.

अण्णा गेले तेव्हा आम्हां दोघा भावांत वाटणीवरून वाद व्हावा असे काही नव्हते. सातारचे घर आईचे आहे. पुस्तके धाकट्याने नेली, बँकेची कामे थोरल्याने उरकली. उरली ती मागच्या पडवीतली गाडी. १९४८ सालची, दोनच आसनांची, एम.जी. टीसी. अण्णांनी ती १९६६ साली पुण्यातल्या एका पारशी गृहस्थाकडून घेतली होती आणि १९८९ नंतर ती पडवीबाहेर निघालेली नव्हती. जिची वाटणी करता येत नाही, जी विकवत नाही आणि नुसती ठेवली तर सडते, अशा या वस्तूचे काय करायचे यावर आम्ही दीड वर्ष बोलत आहोत. मोटारींविषयी आम्हांला जे काही कळते ते या दीड वर्षात कमावलेले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

टीसी ही गाडी १९४५ ते १९४९ या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी तयार झाली. सुमारे दहा हजार गाड्या बनल्या. इंजिन १२५० सीसीचे, चाके एकोणीस इंची आणि तारांच्या आऱ्यांची, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येणारी. त्या काळाच्या मानानेही ती जुन्या वळणाचीच होती. घोड्याच्या बग्ग्या बांधाव्यात तसा ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ठोकलेला पत्रा. इंजिनाची कथा तर आणखी मौजेची. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीने कव्हेंट्रीत कारखाना काढला, तो १९२३ मध्ये मॉरिस कंपनीने घेतला, आणि तिथली यंत्रे मेट्रिक मापाची असल्याने या अस्सल इंग्रजी गाडीच्या बोल्टांचे आटे मेट्रिक राहिले. डोकी मात्र इंग्रजी मेकॅनिकांच्या सोयीसाठी व्हिटवर्थ मापाची. साताऱ्यातल्या किती मिस्त्रींनी भलते पाने लावून ती डोकी गोल केली असतील कोण जाणे. अण्णा म्हणूनच स्वतःचे पाने तेलकट गोणपाटात गुंडाळून आसनामागे ठेवत आणि ते कोणाला हात लावू देत नसत.

दुसरे एक वैशिष्ट्य आमच्या घरात फार महत्त्वाचे ठरले. या गाडीत चालकासमोर असतो तो इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. वेगाचा काटा डावीकडे, शेजारी बसणाऱ्यापुढे. त्यामुळे आपण किती वेगाने चाललो आहोत हे अण्णांना आईकडून कळे. खंबाटकी उतरून वाईफाट्याकडे येताना ती मोठ्याने आकडे सांगे. काटा मैलांचा, हिशेब आईचा, आणि चाळीसच्या पुढे तिचा आवाज बदले. वेग किती हे तीच ठरवत असे, असे अण्णा पाहुण्यांना सांगत. आम्ही दोघे आसनांमागच्या सामानाच्या जागेत कोंबलेले असू, आणि आजच्या पालकांना हे सांगण्याची सोय नाही.

पुण्याहून एक जाणकार गाडी पाहायला आले. जुन्या गाड्या नव्या करून देण्यात त्यांचे नाव आहे. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि सांगाड्यात जागोजाग टोचून पाहिला; बहुतेक ठिकाणी तो भुशात शिरावा तसा शिरला. वाळवीने आपले काम पुरे केले होते. इंजिन अडकलेले, ब्रेकचे रबर विरघळलेले. चासीचा लोखंडी सांगाडा मात्र ठणठणीत. मग ते डाव्या दाराच्या खांबापाशी थांबले. इथे स्क्रूड्रायव्हर शिरेना. "हे लाकूड ओरिजिनल नाही," ते म्हणाले. खरेच नव्हते. १९७४ साली एका खड्ड्यात आपटून तो खांब मोडला आणि दार लागेना, तेव्हा अण्णांनी बैलगाड्या करणाऱ्या एका सुतारासोबत बसून तिथे सागवान बसवले होते. वाकसाच्या खुणा अजून दिसतात. जोड झाकण्याचा कसलाही प्रयत्न नाही. जाणकारांच्या मते ते प्रथम काढायला हवे: सबंध नवा ॲशचा सांगाडा परदेशातून तयार मिळतो, रंग मूळ छटेचा मिळतो, टीसीचा बहुतेक प्रत्येक सुटा भाग आज कोणी ना कोणी पुन्हा बनवते आहे. गाडी ॲबिंग्डनहून आजच निघाल्यासारखी होईल. खर्चाचा आकडा आम्हां दोघांच्या वर्षभराच्या पगाराहून मोठा होता, पण आमचे अडले ते त्या आकड्यापाशी नाही.

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात विल्यम मॉरिस म्हटले की कवी, कारागीर, समाजवादी असा तो एकोणिसाव्या शतकातला मॉरिस आठवतो. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅराजेस. तो विल्यम मॉरिस वेगळा, सायकली दुरुस्त करता करता मोटारींचा कारखानदार झालेला, पुढे लॉर्ड नफील्ड. ऑक्सफर्ड दोघांचेही: एक तिथे शिकला, दुसऱ्याने तिथे दुकान मांडले. योगायोग असा की ज्या १८७७ साली हा दुसरा जन्मला, त्याच साली पहिल्याने प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापली, आणि तिचा रोख जीर्णोद्धारावरच होता. त्याआधी १८४९ मध्ये रस्किनने इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे तिचा सर्वनाश, असे बजावले होतेच. मॉरिसचे म्हणणे अधिक व्यवहारी: रोजची निगा राखा, गळते छप्पर सांधा, कलत्या भिंतीला टेकू द्या, पण टेकू हा टेकूच दिसू द्या. आपल्याकडे हेमाडपंती देवळाच्या दगडावर ऑइलपेंट चढवून, गाभाऱ्यात फरशा बसवून जो 'जीर्णोद्धार' होतो तो ज्याने पाहिला आहे, त्याला मॉरिसचा राग समजावून सांगावा लागणार नाही.

अण्णांनी मॉरिस वाचला असण्याची शक्यता नाही. पण तो सागवानी खांब म्हणजे दिसणारा टेकूच.

धाकट्याचे म्हणणे वेगळे होते, आणि तो पाठचिकित्सा शिकवतो म्हणून ते सहज झटकता येत नव्हते. मूळ संहितेला काहीच मान नाही का, असे त्याने विचारले. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतकभर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती, ती प्रक्षेप वेगळे काढण्यासाठीच ना? सागवान हा प्रक्षेप आहे. बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद काही दिवसांनी त्याचा त्यानेच तोडला. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्षेप फेकून दिले नाहीत. मुख्य संहितेतून काढलेला मजकूर त्यांनी पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत छापून ठेवला. ज्याला हवा त्याला तो वाचता येतो. गाडीला तळटीप नसते. खांब एकदा काढला की तो सरपणात जाईल. शिवाय मूळ संहिता कोणती? ॲबिंग्डनमधून बाहेर पडलेल्या गाडीशी आमचा कसलाच संबंध नाही. आमची गाडी १९७४ च्या दुरुस्तीनंतरची, ज्या गाडीचा वेग आई मोजत होती ती.

येथे कायद्याचीही एक गंमत आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांचा वेगळा वर्ग आला. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. जुना क्रमांक राखता येतो, पण रोजच्या वापराला मनाई. म्हणजे 'मूळ स्वरूप' या शब्दांपाशी आम्ही पुन्हा आलोच. सरकारी अधिकाऱ्याला सागवान आणि ॲश यांतला भेद कळेल की नाही, आणि कळला तर आम्हांला आनंद व्हावा की भीती वाटावी, हे अजून ठरलेले नाही. पेट्रोलची अडचण सरळ आहे: आजच्या पेट्रोलमधील वीस टक्क्यांपर्यंतचे इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलणे भाग.

जाणकारांना आम्ही नकार कळवला. त्यांनी तो सभ्यपणे घेतला. अर्धवट कामाला आपण नाव देत नाही, एवढेच म्हणाले. काम आता साताऱ्यातल्याच एका मिस्त्रींकडे आहे. इंजिन, ब्रेक, नळ्या आणि वायरिंग पुरते व्हायचे. वाळवीने खाल्लेले तेवढे लाकूड नवे, आणि प्रत्येक नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूवर साल कोरायचे. रंगाला हात नाही. सागवान जागच्या जागी. यात गाडीची बाजारातली किंमत घटते हे आम्हांला माहीत आहे; थोरल्याने तो हिशेब कागदावर मांडूनही पाहिला आणि कागद जपून ठेवला आहे, पश्चात्तापाच्या वेळी लागेल म्हणून.

आईला आम्ही हे सारे रीतसर समजावून सांगितले, मॉरिस वगळून. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, पण माझ्यापुढचा काटा चालेल ना?" तो काटा गिअरपेटीकडून येणाऱ्या एका केबलवर फिरतो आणि ती केबल तुटलेली आहे, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडून कळले. मागवायच्या सामानाच्या यादीत ती सतराव्या क्रमांकावर होती. आम्ही ती वर घेतली.